संडासाच्या दारावरचा माणूस

माझ्या नवऱ्याने जे काही नाव कमावलं ते संडासाच्या दारावर. तेही खरं तर कमावलं नाहीच, कारण त्या दारावर त्याचं नाव कुठेही नाही. लोक घाईत असतात. दारावरचा माणूस बघतात आणि आत शिरतात. चित्र कोणी काढलं याची चौकशी करायला त्या घडीला कोणाला सवड असणार?

त्याचं नाव रेइजी. आमच्या घरी तो घरजावई म्हणून आला, आडनावही आमचंच लावलं, ओइनुमा. त्यामुळे त्याला अहो-जाहो करायची सवय मला कधी लागलीच नाही. मिनोवा आळीत आमचं सार्वजनिक न्हाणीघर होतं, कामेनोयू. युद्धात एकदा जळलं, पुन्हा बांधलं. वडील त्या युद्धातून परत आले नाहीत, तेव्हापासून सगळा कारभार आईचा. आमच्या न्हाणीघरात गल्ला दाराशीच, मधोमध, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये भिंत, आणि वर बसलेल्या माणसाला दोन्हीकडचं दिसतं. माझी आई तोमे एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे बसायची. मिनोवातला झाडून सगळा पुरुषवर्ग तिने अंगावर चिंधी नसताना पाहिला होता, आणि तिला त्यातल्या कोणाचंच विशेष कौतुक वाटलं नव्हतं.

रेइजीचंही वाटलं नाही. तो एका जाहिरातवाल्याकडे दंतमंजनाच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या पाट्या रंगवायचा. लग्न ठरवायला आला तेव्हा आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "किकुए, याला पाणी भरता येईल का गं? दिसतो तर बादलीपेक्षा हलका."

सगळं सुरू झालं ते बासष्टच्या वसंतात, एका दुपारी. आमच्या दारावर दोन पडदे असायचे, एकावर 'पुरुष' अक्षर, दुसऱ्यावर 'स्त्री'. कुठल्याशा गोदीवर कामाला आलेला एक गोरा इंजिनियर बायकांच्या पडद्यातून आत शिरला. अगदी सज्जन माणूस. बूट हातात धरलेले, कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि टाय सोडायला लागला. आत एकच गिल्ला झाला. बायकांनी घंगाळी फेकली. गल्ल्यावरून दिवसभरात कधी न उतरणारी माझी आई उतरली, तिने ती अर्धवट सुटलेली टाय धरली आणि त्या सहा फुटी माणसाला बैल हाकावा तसा रस्त्यावर नेऊन सोडला.

रेइजी तेव्हा मागे भट्टीत लाकडं सारत होता. जेवताना तो म्हणाला, "आई, त्याची काय चूक? पडद्यावरचं अक्षर त्याला वाचता येत नाही."

"मग शिकून यायचं."

"दोन वर्षांनी आपल्या शहरात जगाचे खेळ भरणार आहेत. जगभरातून हजारो लोक येतील. सगळ्यांना टाय धरून बाहेर काढणार?"

"हात शाबूत आहेत माझे," आई म्हणाली आणि त्याच्या ताटातला मासा उचलून तिने स्वतःच्या ताटात घेतला. तो वाद घालायला लागला की ती असंच करायची.

त्याच्या मनातून मात्र ती टाय जाईना. तेव्हा खेळांसाठी अक्षरांशिवायच्या खुणा करायला म्हणून एक समिती नेमली होती. प्रमुख काशिवादा सर. जाडजूड चष्मा, आणि बोलताना वाक्य कधी संपेल याचा भरवसा नाही. दहाबारा तरुण चित्रकार एका तळघरात कुडकुडत बसून फुकट काम करायचे. रेइजी आपणहून तिथे गेला. पहिल्या बैठकीला भट्टीचं धुराडं साफ करून पोचेपर्यंत उशीर झाला, आणि तोवर इतरांनी पोहणं, धावणं, घोडे, तलवारबाजी असं सगळं वाटून घेतलं होतं. उरला होता संडास.

घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर आनंद होता. आई बघतच राहिली.

"जावईबापू," ती म्हणाली. चिडली की ती त्याला अहो-जाहो करायची. "मुलगी दिली तेव्हा म्हणाला होतात, मी चित्रकार आहे. कसला, ते तेव्हाच सांगायचं होतं."

पहिल्या खेपेला त्याने पुरुषासाठी हॅट आणि पाइप काढला, बाईसाठी पंखा. सर खूश झाले. रेइजी म्हणाला, आधी तपासून बघू. त्याने दोन मोठे कागद रंगवून आमच्या पडद्यांवर टाचले आणि अक्षरं झाकून टाकली. आईने परवानगी दिली ती आठ दिवस रोज भट्टी पेटवायच्या अटीवर.

पहिल्या तासाभरात चटया विणणारा गेन्किची ऐटीत बायकांच्या बाजूला शिरला.

"गेन्किची!" गल्ल्यावरून आई कडाडली. "तीस वर्षं येतोयस. उजवं-डावं विसरलास?"

"मालकीणबाई, पंख्याचं चित्र आहे हो. मला वाटलं आज गार पाण्याची सोय केलीय."

"तुझीच सोय करते, थांब."

गेन्किचीचं सोडा, तो तसलाच होता. पण दुपारी खेडेगावाहून आलेली एक म्हातारी पाइपसमोर बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिने विचारलं, "तंबाखूचं दुकान हलवलं का न्हाणीघर?" रेइजीने मान खाली घातली आणि दोन्ही कागद काढले. मला म्हणाला, "वस्तू काढून चालणार नाही गं. माणूसच काढायला हवा. नुसता माणूस."

नुसता माणूस काढणं सोपं असेल असं मला वाटायचं. त्याला चार महिने लागले. डोक्याला गोल, अंगाला चार दांड्या. त्या दांड्या जाड की बारीक, गोल आणि धड यांत फट ठेवायची की नाही, यावरून तो ताटावर बसल्याबसल्या गप्प व्हायचा. आई कागद हातात घेऊन बघायची. "हे काय, बुजगावणं? खांदे बघ किती रुंद काढलेस. असे खांदे मिनोवात एकाचेही नाहीत. मला विचार."

मग एकदा आईची कंबर धरली. आठ दिवस गल्ल्यावर चढता येईना. मला दुसरा महिना होता, वाफेत उलट्या व्हायच्या, म्हणून गल्ल्यावर रेइजीला बसवलं. दुसऱ्या दिवशी मासेवालीण सादा ओल्या केसांनी, कमरेला पंचा गुंडाळून तरातरा गल्ल्याखाली आली.

"ए घरजावया! मांडीवर काय लपवतोयस?"

"काही नाही काकू. वही."

"वही! अगं बायांनो, हा वर बसून आपली चित्रं काढतोय!"

क्षणात दहा-बारा जणी गोळा झाल्या. मी माजघरातून धावत आले तोवर सादाने वही हिसकावली होती. रेइजी गल्ल्यावर अंग चोरून बसलेला, कान तापलेल्या तव्यासारखे लाल. सादाने पान उलटलं. मग दुसरं. सगळ्या तिच्या खांद्यावरून बघायला लागल्या.

"ही मी?" सादाने विचारलं.

प्रत्येक पानावर एक गोल आणि त्याखाली दांड्या.

"हे... म्हणजे तुम्हीच असं नाही, काकू. कोणीही."

"कोणीही? अरे मेल्या, तीन पोरं पाजली या अंगावर, आणि तू मला काडीपेटीतली काडी केलीस? छाती कुठेय? कुल्ले कुठेयत?"

"हो ना," मागून कोणीतरी म्हणालं. "काढायचंच होतं तर नीट तरी काढायचं!"

उघडं पाहिलं याचा राग कोणाला राहिलाच नाही. नीट पाहिलं नाही याचा आला. सादाने तिथल्या तिथे पाय जुळवून, हात थोडे बाजूला धरून उभं राहून दाखवलं. "बाई अशी उभी राहते. पुरुष बघ तिकडे, तंगड्या फाकून, जमीन बापाची असल्यासारखे. एवढंही दिसत नाही तुला वरून?"

रेइजीने गल्ल्याच्या दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, वही द्या."

दोन दिवसांत त्याचा पुरुष आणि त्याची बाई तयार झाली. पुरुषाचे पाय फाकलेले. बाईचे जुळलेले, त्यावर खाली पसरत जाणारा झगा. आई भिंतीचा आधार घेत उठली, चित्र दूर धरून म्हणाली, "खांदे." त्याने खांदे कमी केले. "अजून." त्याने अजून कमी केले.

समितीने परीक्षा ठेवली. एका लांब बोळाच्या दोन टोकांना दोन दारं, त्यांवर दोन चित्रं, आणि जपानी न वाचता येणारे पाच परदेशी पाहुणे. काशिवादा सर घड्याळ धरून उभे. पहिले चौघे बरोबर गेले. पाचवे होते जवळच्या चर्चमधले फादर लाम्बेर. बोलायला अस्खलित जपानी, वाचायला एक अक्षर नाही. पायघोळ काळा झगा घातलेले. ते बोळात शिरले, डावीकडचं चित्र पाहिलं आणि शांतपणे बायकांच्या दारातून आत गेले.

रेइजी मला नंतर सांगायचा, त्या वेळी जमीन दुभंगून त्याला पोटात घेती तर बरं झालं असतं.

"फादर, हेच दार का निवडलंत?" सरांनी विचारलं.

"त्यावरच्या गृहस्थांचे कपडे माझ्यासारखे आहेत म्हणून. आणि तुम्हाला सांगतो, पलीकडे डोकावलो तर ते दुसरे गृहस्थ मला चक्क उघडे वाटले."

बाकीचे चित्रकार मागे वळून खोकायला लागले. सर मात्र गंभीर झाले. "ओइनुमा, पुरुषाला टाय लावा. हॅटही द्या. आपल्या राष्ट्राच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने विचार करता, आणि एकंदर जागतिक संकेत ध्यानात घेता..."

"नाही लावणार," रेइजी म्हणाला.

असं तो आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला म्हणाला. घरी आला तो थेट आईपुढे बसला. "टाय लावली की तो कारकून झाला, आई. मग कोळ्याने कुठे जायचं? पैलवानाने कुठे जायचं? पण सरांचंही खोटं नाही, पाद्री चुकलाच. काय करू?"

आई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. "दोघांना लांब लांब का टांगलंत?"

"दारं लांब होती म्हणून."

"दारं कुठेही असू देत. पाटी एक करा. दोघं शेजारीशेजारी, मध्ये रेघ, खाली बाण. बाई शेजारी उभी असली की पुरुष ओळखू येतो. एकटा असला तर तो खांबही असू शकतो." तिने एक वाटाणा तोंडात टाकला. "बावळट."

दोघांना एका पाटीवर आणून परीक्षा पुन्हा घेतली. फादर लाम्बेर हसत हसत बरोबर दारात गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "समजलं. पण त्या बिचाऱ्याने काहीतरी घालावं असं मला अजून वाटतं."

पाट्या लागल्या, खेळ झाले, सगळं जग आपापल्या दारात गेलं. शेवटच्या बैठकीत सरांनी सगळ्यांपुढे एक कागद ठेवला. या खुणा कोणा एकाच्या नाहीत, कोणीही कुठेही वापराव्यात, आम्ही हक्क सोडतो, असा त्यातला मजकूर. रेइजीने सही केली. हे ऐकून आईने हातातली घासणी आपटली.

"अरे, निदान कोपऱ्यात बारीक नाव तरी घालायचं!"

"आई, संडासाच्या दारावर नाव लिहिलं तर लोकांना वाटेल आत मीच बसलोय."

आई हसली. मला आठवतं तसं, त्याच्या बोलण्यावर ती हसलेली ती पहिलीच वेळ.

पुढे त्याच्याकडे कामं आली. दरड कोसळते सावधान, इथे थुंकू नका, लहान मुलांचा हात धरा. आमच्या मुलीला शाळेत विचारलं, वडील काय करतात, तर ती म्हणाली, "लोकांना काय करायचं नाही ते सांगतात." घरात मात्र काय करायचं ते आईच सांगायची. सत्त्याहत्तरच्या शरदापर्यंत.

त्या सकाळी ती गल्ल्यावर चढताना कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज. जिने चाळीस-पंचेचाळीस वर्षं अख्खी आळी जिभेवर धरली, ती इस्पितळाच्या खाटेवर छताकडे बघत पडून राहिली.

रेइजीने दोन दिवसांत पुठ्ठ्याची एक पाटी केली. तिच्यावर बारा चित्रं. पाणी, दुखतंय, गार, गरम, संडास, कुशीवर वळवा, असं सगळं. डाव्या हाताने नुसतं बोट ठेवायचं. मला ती इतकी आवडली की डोळे भरून आले. आईने ती बघितली आणि ढकलून खाली पाडली.

"चित्रं लहान झाली," रेइजी म्हणाला. त्याने मोठी काढली. तीही तिने पाडली. मग रेषा जाड केल्या. मग रंग दिले. चौथी पाटी पडली तेव्हा तो खाटेशी हात लोंबकळत ठेवून उभा राहिला.

"अरे, तिला काही मागायचंच नाहीये," मी बाहेर आल्यावर म्हणाले. "आईने जन्मात कधी कोणाकडे पाणी मागितलंय? तिला बोलायचंय. आणि आई बोलायची म्हणजे काय करायची, तुला माहीत नाही?"

तो माझ्याकडे वळला. "म्हणजे शिवी काढू?"

"काढ."

चार दिवस तो त्या शिवीच्या मागे होता. गाढव काढलं. आईने तोंड फिरवलं. जीभ बाहेर काढलेलं तोंड. तिने डोळे मिटले. शेवटी त्याने स्वतःलाच काढलं. गोल डोकं, पडलेले अरुंद खांदे, हात दोन्ही बाजूंना लोंबलेले, पायाचे अंगठे आत वळलेले. आई ओरडत असताना तो पंधरा वर्षं असाच उभा राहायचा.

आईने ते चित्र डोळ्यांजवळ नेलं. तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली. मग तिने चित्रावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"हो आई," रेइजी म्हणाला. "मीच."

त्या चित्राचं नाव 'बावळट' पडलं. मग काय विचारता! डॉक्टर आले की बोट. परिचारिकेने सुई दोनदा टोचली की बोट. गेन्किची काठी टेकत भेटायला आला तर तो बसायच्या आधीच बोट. "मालकीणबाई, अजून ओळखता मला," म्हणत तो म्हातारा हमसून रडला, तर पुन्हा बोट. रेइजीने पाटीवर जुन्या बारांच्या जोडीला आणखी चित्रं काढली. 'पुरे', 'खोटं बोलतोस', 'घरी जा', 'तुला नाही, तिला विचारते'. दोघांची तासन्‌तास भांडणं चालायची, हा बोलून, ती बोट आपटून. एकमेकांशी एवढं ती दोघं आधी कधी बोलली नव्हती. मोठ्या परिचारिकाबाईंना तो बावळट पसंत नव्हता, डॉक्टरांचा अपमान होतो म्हणून. हिगा नावाची एक ओकिनावाची तरुण परिचारिका होती. मोठ्या बाई फेरीला आल्या की ती तेवढं चित्र उशीखाली सरकवायची आणि गेल्या की परत काढून द्यायची.

फेब्रुवारीत आई दोनच चित्रांवर बोट ठेवू लागली. पाणी आणि गरम. आम्ही गरम पाणी प्यायला दिलं. तिने ते थुंकून टाकलं. पाणी, गरम. चहा दिला. बावळट. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी रेइजीने हातातला पेला खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"अगं किकुए, हिला प्यायचं नाहीये! हिला आंघोळ हवीय. चार महिने नुसतं ओल्या फडक्याने पुसतायत हिला. आणि मी न्हाणीघरातला असून आंघोळीचं चित्रच काढलं नाही!"

आईने डोळे मिटले आणि श्वास सोडला.

हिगाने मोठ्या बाईंची परवानगी काढली, कशी ते मी विचारलं नाही. दुपारी आम्ही तिघांनी आईला चाकाच्या खुर्चीतून इस्पितळाच्या न्हाणीत नेलं. टबात उतरवायला दोघींचं बळ पुरेना, म्हणून रेइजीला मागून काखेत धरायला सांगितलं. त्याने धरलं, आणि डोळे घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवली. तसाच आंधळ्यासारखा टबाच्या कडेला ठेचकाळला आणि निम्मं पाणी आमच्या अंगावर उडालं. आई पाण्यात गळ्यापर्यंत गेली. तिचा डावा हात काहीतरी शोधत होता. चित्रांची पाटी खाटेवरच राहिली होती. मग तिने बोट त्याच्याच छातीवर टेकलं, दोनदा.

"कळलं आई," तो डोळे मिटूनच म्हणाला. "पाणी ठीक आहे ना?"

ती मे महिन्यात गेली. न्हाणीघर मी आणखी नऊ वर्षं चालवलं. रेइजीने बाकीची कामं सोडली आणि इस्पितळांसाठी पाट्या करू लागला. हिगाने तिच्या ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी सांगितलं, तिथून पुढे पसरत गेलं. आजारी माणसाच्या खाटेशी तो दिवस दिवस बसायचा, काय काढायचं राहिलंय ते बघत. साठ-बासष्ट चित्रं झाली. आंघोळीचं तर होतंच. शिवाय 'मला भीती वाटते', 'खिडकी उघडा', 'अजून थोडा वेळ बस'. आणि प्रत्येक संचात सगळ्यात खाली, उजवीकडे, तो बावळट.

एका मोठ्या इस्पितळाने संच परत पाठवला. सोबत आदबीचं पत्र. शेवटचं चित्र आमच्या संस्थेच्या शिस्तीत बसत नाही, तरी कृपया ते वगळून संच पाठवावा, ही नम्र विनंती. रेइजीने पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, नवा संच बांधला आणि त्यात तो बावळट एकदाच्या ऐवजी दोनदा घातला. महिनाभराने तिथल्या एका परिचारिकेची चिठ्ठी आली की संच पोचला, रुग्ण वापरतायत, आणि तुमचं ते शेवटचं चित्र फार लवकर झिजतं, तर त्याच्या आणखी वीस प्रती मिळतील का.